धुराड्यातील सोमल : उत्प्रेरकांच्या विषबाधेचा इतिहास

इतिहास म्हटला की आपणांस गडकोट, तह आणि तलवारी आठवतात. भट्टीला, नळीला आणि धुराड्यालाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासात आपल्यासारखी कोट्यवधी माणसे नकळत सामील झालेली असतात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्या घरातला दिवा ज्या विजेवर जळतो, तिच्यासाठी कुठेतरी कोळसा जळतो. त्या कोळशाचा धूर कुठेतरी कोणाच्या तरी छातीत जातो. हा धूर निवळावा म्हणून माणसाने जी युक्ती काढली, आणि त्या युक्तीवर धुरानेच जी उलट चाल केली, तिची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

आम्ही रसायनशास्त्राची पदवी घेतलेली नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयाच्या बाकावर आणि बॉयलरघरातल्या जाणत्या कामगारांच्या सहवासात झाले. त्यामुळे विषय शास्त्राचा असला तरी भाषा आमची आहे. श्रोत्यांनी ती चालवून घ्यावी.

उत्प्रेरक म्हणजे काय?

हवेत चार पंचमांश भाग नत्रवायू असतो. एरवी हा वायू अगदी निरुपद्रवी. कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु भट्टीतली आग फार तापली की तो प्राणवायूशी जोडला जातो. कोळशात स्वतःचा नत्र असतो, तोही जळतो. त्यातून नत्राची ऑक्साइडे तयार होतात. हीच ऑक्साइडे पुढे उन्हात तापून ओझोन घडवतात, पावसात मिसळून आम्ल होतात आणि दमेकऱ्याचा दमा वाढवतात.

ह्या ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करण्याचा मार्ग असा : धुरात थोडा अमोनिया सोडावयाचा आणि तो मिश्र वायू एका विशिष्ट पदार्थाच्या ठोकळ्यांमधून न्यावयाचा. सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअस उष्णतेत अमोनिया आणि नत्राचे ऑक्साइड यांची गाठ पडते आणि दोघांचे मिळून नत्रवायू व पाण्याची वाफ होते. ठोकळा मात्र जसाच्या तसा राहतो. स्वतः न खर्चता दुसऱ्यांचे काम जमवून देणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १८२३ साली जर्मनीतील येना येथे डोबरायनर यांनी प्लॅटिनमच्या भुग्यावर हायड्रोजनचा झोत सोडला आणि काडी न लावता ज्योत पेटली. १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियस यांनी असल्या सर्व चमत्कारांना एक नाव दिले आणि शास्त्राचे एक नवे दालन उघडले.

पण ज्या काळात उत्प्रेरकाचा शोध लागला, त्याच काळात त्याचे वैरीही दिसू लागले. गंधकाचा कुजकट वास असलेला वायू नुसता लागला तरी प्लॅटिनम मंद पडते, हे १८२४ साली एडिंबरोच्या टर्नर यांनी नोंदवले. दहा वर्षांनी मायकेल फॅरडे यांनीही प्लॅटिनमच्या पत्र्यांवर प्रयोग करून पाहिले : पत्रा स्वच्छ असेल तर काम करतो, मळला तर बसून राहतो. फॅरडे हे लोहाराचे पुत्र, आणि त्यांनी बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी केली होती, हे आमच्यासारख्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. शाळेत फारसे न शिकलेल्या त्या माणसाने डोळे उघडे ठेवून पाहिले आणि सांगितले की खरी गोष्ट पृष्ठभागावर घडते. पुढल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा सगळा पसारा ह्या एका वाक्यात सामावलेला आहे.

सोमल पहिल्यांदा सापडतो

१८३१ साली ब्रिस्टलमध्ये व्हिनेगर बनवणाऱ्या पेरेग्रिन फिलिप्स या गृहस्थांनी एक पेटंट घेतले. गंधक जाळून होणारा वायू तापलेल्या प्लॅटिनमवरून न्यावा, म्हणजे त्यापासून सरळ गंधकाम्ल करता येईल, अशी त्यांची कल्पना. कल्पना सोळा आणे खरी होती. परंतु सुमारे अर्धशतक ती कागदावरच राहिली. गंधकाम्लाचे मोठे कारखाने जुन्या शिशाच्या खोल्यांच्या पद्धतीनेच चालत राहिले. नव्या पद्धतीत कोणी पैसा घातला की काही दिवस काम झकास चाले आणि मग प्लॅटिनम मलूल होई. का, हे कोणाला उमगेना.

हे कोडे सोडवले रुडॉल्फ क्नीच यांनी. लुडविग्सहाफेन येथील बी.ए.एस.एफ. या रंगद्रव्यांच्या कारखान्यात ते १८८० नंतरच्या दशकात ह्या कामास लागले. त्यांनी १९०१ मध्ये बर्लिन येथे रसायनशास्त्रज्ञांपुढे ही हकीकत सविस्तर सांगितली. प्रयोगशाळेत शुद्ध वायू घेतला तर प्लॅटिनम कितीही दिवस टिके. कारखान्यातल्या भट्टीचा वायू घेतला, तो गाळून, धुऊन डोळ्यांना स्वच्छ दिसेसा केला, तरीही प्लॅटिनम मरे. शोध घेता घेता गुन्हेगार सापडला : सोमल. ज्या खनिजातून गंधक काढीत, त्यातच तो अल्प प्रमाणात होता. भट्टीत त्याची वाफ होई आणि पांढऱ्या धुक्याबरोबर तो पुढे सरके. हे धुके पुरते काढल्याशिवाय सुटका नव्हती.

त्यातही एक मासलेवाईक गोष्ट घडली. वायू थंड करण्यासाठी लोखंडी नळ्या बसवल्या होत्या. त्यांत गंधकाम्लाचे थेंब साचत. अम्ल लोखंडास खाई, त्यातून हायड्रोजन निघे आणि तो सोमलाशी जोडला जाऊन सोमलाचा एक अदृश्य वायू होई. हा वायू कोणत्याही गाळणीत अडकत नसे. म्हणजे विष रोखण्यासाठी जी नळी बसवली, तीच विषाला नवा वेष देऊन पुढे पाठवीत होती! लोखंडाच्या जागी शिसे आल्यावर हा मार्ग बंद झाला. बंदोबस्तच कधीकधी चोरवाट उघडतो, हा अनुभव कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला असेल.

एवढ्याशा सोमलाने एवढे प्लॅटिनम का मरावे? ह्याचे उत्तर मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. १९२५ साली प्रिन्स्टनच्या ह्यू टेलर यांनी प्रतिपादन केले की उत्प्रेरकाचा सगळा पृष्ठभाग काम करीत नाही. त्यावरच्या मोजक्या जागाच कामाच्या असतात. कारखान्याच्या भाषेत सांगावयाचे तर हजेरीपटावर हजार नावे असली तरी यंत्र चालवणारे हात पन्नासच असतात. त्या पन्नास जागांवर दुसरेच कोणी ठाण मांडून बसले, की उरलेले साडेनऊशे असूनही कारखाना बंद! उत्प्रेरकाची विषबाधा म्हणजे ही अशी जागा बळकावणे होय.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गंधकाम्लाच्या धंद्यात महागड्या प्लॅटिनमच्या जागी व्हॅनेडियम नावाच्या धातूचे ऑक्साइड येऊ लागले. ते स्वस्त होते आणि सोमलाला प्लॅटिनमपेक्षा पुष्कळ दाद न देणारे होते. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढे धुराड्यात तेच पुन्हा भेटणार आहे, आणि तेथे त्याचे नशीब वेगळे आहे.

धुराची दखल घेणारे कायदे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरावर डोळे चुरचुरवणारे तपकिरी धुके पसरू लागले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की नत्राची ऑक्साइडे आणि पेट्रोलची वाफ यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. मोटारी आणि धुराडी यांची ही करणी होती. १९५७ च्या सुमारास एंगेलहार्ड या अमेरिकन कंपनीने नत्राम्लाच्या कारखान्यातील वायूसाठी अमोनिया व प्लॅटिनम यांची पद्धत शोधली. परंतु वीजकेंद्राच्या धुरात गंधक असतो, आणि गंधकाच्या धुरात प्लॅटिनमचे काय होते ते आपण पाहिलेच.

हा प्रश्न जपानने तडीस नेला, आणि तो आपखुषीने नेला नाही. योक्काइची शहरात तेलशुद्धी आणि रसायनांच्या कारखान्यांच्या धुराने माणसे दम्याने हैराण झाली होती. आजारी नागरिक न्यायालयात गेले आणि १९७२ च्या जुलैमध्ये न्यायालयाने सहा कंपन्यांना जबाबदार धरले. ते प्रकरण प्रामुख्याने गंधकाच्या धुराचे होते. पण त्या लाटेतच १९७३ साली जपानने नत्राच्या ऑक्साइडांबाबत अत्यंत कडक मर्यादा घातली. पाच वर्षांनी ती थोडी सैल झाली, तरी तोवर इंजिनिअर मंडळी कामाला लागलेली होती.

त्यांनी प्रथम अ‍ॅल्युमिनाचा आधार वापरून पाहिला. धुरातला गंधक त्याला चिकटे, त्याचे सल्फेट होई आणि ठोकळा ढासळे. मग टिटॅनियमचे ऑक्साइड घेतले. गंधक त्यावर पक्के ठाण मांडीत नाही. त्यावर व्हॅनेडियमच्या ऑक्साइडाचा पातळ थर आणि जोडीला टंगस्टन, असा मसाला जमला. मधमाशीच्या पोळ्यासारखे चौकोनी भोकांचे ठोकळे करून ते धुराच्या वाटेत रचू लागले. १९८० च्या सुमारास कोळशाच्या वीजकेंद्रातही ही पद्धत चालू झाली.

येथे एक गंमत आहे. व्हॅनेडियमचे प्रमाण या ठोकळ्यात फार थोडे, बहुधा तीन टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. कारण गंधकाम्लाच्या कारखान्यात त्याचा जो गुण, तोच येथे अवगुण! ते धुरातल्या गंधकाच्या वायूला आणखी प्राणवायू जोडून देते. ही गंधकाची नवी जात अमोनियाशी मिळाली की चिकट क्षार होतो. यंत्रावरचा भार कमी केला, धूर थंड झाला, की हा क्षार ठोकळ्याच्या सूक्ष्म रंध्रांत आणि पुढे हवा तापवणाऱ्या यंत्रात डिंकासारखा बसतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात गॅव्हिन नावाच्या मोठ्या वीजकेंद्रात २००१ साली हे ठोकळे बसवले. तेथला कोळसा गंधकाने भरलेला. नत्राची ऑक्साइडे कमी झाली. पण गंधकाम्लाचे निळसर धुके शेजारच्या चेशायर नावाच्या खेड्यावर उतरू लागले. अखेरीस २००२ मध्ये कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर मोजून ते खेडेच विकत घेण्याचा करार केला आणि बहुतेक माणसे उठून गेली. एक विष काढताना दुसऱ्याची मोजदाद केली नाही, म्हणजे गाव उठते!

जर्मनीतील राख

आता सोमलाच्या दुसऱ्या अवताराकडे वळू. जर्मनीत १९८० च्या आसपास जंगले सुकू लागल्याची ओरड झाली. १९८३ साली मोठ्या भट्ट्यांसाठी नवे नियम आले आणि १९८४ मध्ये तेथील मंत्र्यांनी मोठ्या वीजकेंद्रांसाठी घनमीटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. जपानची पद्धत हाताशी होतीच. ती आणून बसवली. आणि काही वीजकेंद्रांत ठोकळे ठरल्या मुदतीच्या पुष्कळ आधी निकामी होऊ लागले.

जपानमध्ये असे झाले नव्हते. मग येथेच का? कारण भट्टी वेगळी होती. जर्मनीतील काही बॉयलर असे होते की त्यांत आग इतकी प्रखर असे की राख वितळून रसासारखी खाली वाहे. धुराबरोबर उडालेली बारीक राखही गोळा करून पुन्हा भट्टीत टाकीत, म्हणजे सगळ्या राखेची एकच काचेसारखी खडी व्हावी. व्यवस्था काटकसरीची होती. परंतु कोळशातला सोमल त्या आगीत वितळून खाली जात नसे; त्याची वाफ होई. ती थंड होताना बारीक राखेवर बसे. राख पुन्हा भट्टीत येई. सोमलाची पुन्हा वाफ. फेऱ्यामागून फेऱ्या होऊन धुरातला सोमल साचत साचत वाढे. सावकाराच्या चोपडीतले व्याज जसे मुद्दलात मिळून पुन्हा व्याज खाते, तसाच हा प्रकार.

ही वाफ ठोकळ्याच्या रंध्रांत शिरते, तेथे प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि व्हॅनेडियमच्या कामाच्या जागा अडवते. जो व्हॅनेडियम गंधकाम्लाच्या कारखान्यात सोमलाला पुरून उरला होता, तोच येथे हरला. उपाय निघाले ते तीन प्रकारचे. पहिला : कोळशात थोडी चुनखडी घालावी. भट्टीत तिचा चुना होतो, तो सोमलाला पकडतो आणि कॅल्शियमचा घट्ट क्षार होऊन सोमल राखेतच राहतो. दुसरा : ठोकळ्यात मॉलिब्डेनमचे ऑक्साइड मिसळावे, म्हणजे सोमलाचा मार बऱ्याच अंशी सोसवतो. तिसरा : रंध्रांची घडणच अशी करावी की सोमल तोंडाशीच अडावा आणि आतली जागा मोकळी राहावी.

परंतु चुन्याचीही मात्रा असते. फार चुना झाला की त्याची धूळ ठोकळ्यावर बसते, गंधकाशी मिळून तिचा जिप्समसारखा थर होतो आणि खालच्या सगळ्या जागा झाकून टाकतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पावडर नदीच्या खोऱ्यातल्या कोळशात मुळातच कॅल्शियम फार. तेथे हीच तक्रार आली. पूर्वेकडच्या कोळशात कॅल्शियम कमी, म्हणून तेथे सोमलाची. म्हणजे एका खाणीचे औषध दुसऱ्या खाणीचा रोग ठरतो.

गवताच्या काडीतले विष

डेन्मार्कमधल्या १९९३ च्या राजकीय करारानुसार वीजकंपन्यांनी २००० सालापर्यंत दरवर्षी चौदा लाख टन शेतातला पेंढा आणि लाकूड जाळावे असे ठरले. हेतू स्तुत्य होता. पण पेंढ्यात पालाश भरपूर असतो. शेतकऱ्याने पिकाला घातलेले आणि जमिनीने दिलेले सगळे त्यात उतरते. हा पालाश भट्टीतून क्षाराच्या वाफेच्या रूपाने निघतो.

सोमल जागा बळकावतो. पालाशाची तऱ्हा निराळी. अमोनियाला ठोकळ्यावर बसण्यासाठी आम्लधर्मी जागा लागते, कारण अमोनिया स्वतः अल्कधर्मी. पालाश त्याहून जबर अल्क. तो त्या आम्ल जागांशी लगट करून त्यांचे आम्लत्वच घालवतो. मग अमोनियाला बसण्यास पाट नाही आणि नत्राचे ऑक्साइड ताटकळत पुढे निघून जाते. सोडियमचाही हाच धर्म. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून एक धोका आहे व एक सोय आहे. धोका असा की भट्टी बंद असताना ठोकळ्यावर दव धरले, तर क्षार विरघळून आतवर झिरपतात आणि एका रात्रीत महिन्यांचे नुकसान होते. सोय अशी की ठोकळे काढून पाण्याने व सौम्य आम्लाने धुतले तर पालाश बऱ्याच अंशी निघतो. सोमल इतक्या सहजी निघत नाही.

डेन्मार्कमधला दुसरा धडा असा की पेंढा कोळशाबरोबर जाळला तर त्रास कमी होतो. कोळशाच्या राखेतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना पालाशाला धरून ठेवतात. ज्या राखेच्या नावाने आपण बोटे मोडतो, तीच येथे रखवालदार होते. पुढे २००० नंतर युरोपात गायींच्या मेंदूरोगाच्या धास्तीने हाडामांसाची भुकटी भट्ट्यांत जाळावी लागली, तेव्हा हाडांतल्या स्फुरदानेही उत्प्रेरक निकामी होतात हे ध्यानात आले. समाजाने जे जे टाकून दिले, ते ते धुराड्यात येऊन हिशेब मागते.

कोणाच्या विषबाधेची किंमत?

आता आम्ही ज्यासाठी हा विषय निवडला तेथे येतो.

मोटारीच्या पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घालण्याची युक्ती अमेरिकेत १९२१ साली निघाली. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील तेलकारखान्यात हे द्रव्य बनवणाऱ्या कामगारांना वेडाचे झटके येऊ लागले आणि काही दिवसांत पाच जण दगावले. विक्री थोडा काळ थांबली, १९२५ मध्ये परिषद भरली, समिती नेमली, १९२६ साली विक्री पुन्हा सुरू झाली. पुढली जवळजवळ पन्नास वर्षे शिसे जगभर जळत राहिले.

मग १९७० च्या अमेरिकन कायद्यामुळे १९७५ पासून मोटारींना प्लॅटिनमचे उत्प्रेरक बसू लागले आणि शिशाने प्लॅटिनम मरते असे दिसले. तत्काळ हुकूम सुटला : पेट्रोलपंपांवर बिनशिशाचे पेट्रोल ठेवलेच पाहिजे! लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो असे सांगणारे डॉक्टर त्या काळी झगडत होते आणि त्यांच्या झगड्याचे मोल आम्ही कमी मानीत नाही. तरी इतिहासाने जे दाखवले ते स्पष्ट आहे. पाच कामगारांच्या मरणाने जे दार उघडले नाही, ते प्लॅटिनमच्या मरणाने प्रथम किलकिले झाले. आपल्याकडे बिनशिशाचे पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, २०२१ मध्ये ते थांबवले.

हे आम्ही चिडून सांगत नाही. ठोकळ्याची किंमत हिशेबाच्या वहीत लिहिलेली असते. तो निकामी झाला की मॅनेजर रात्री झोपत नाही. त्याला साधारण सोळा ते चोवीस हजार तासांची हमी असते आणि प्रत्येक तासाची नोंद ठेवतात. हा ठोकळा ज्या धुरात मरतो, त्याच धुराची राख साफ करण्यास जो माणूस आत उतरतो, त्याच्या तासांची नोंद कोणत्या वहीत असते?

व्हॅनेडियमचीच गोष्ट घ्या. तेलावर चालणाऱ्या बॉयलरच्या काजळीत व्हॅनेडियम साचते. ती खरवडणाऱ्या इंग्लंडमधील कामगारांना खोकला, धाप आणि डोळ्यांची आग होते, हे तेथील औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात १९५२ साली छापून आले. ज्याच्या पोटात व्हॅनेडियमची धूळ गेली त्याची जीभ हिरवी पडते, ही खूण त्या काळच्या डॉक्टरांना माहीत होती. निकामी ठोकळा म्हणजे व्हॅनेडियम आणि त्यावर साचलेला सोमल. सोमलाने कर्करोग होतो, हे आज निर्विवाद आहे. म्हणून ठोकळे बदलणे, धुणे आणि त्यांची विल्हेवाट लावणे हे झाडूकाम नव्हे. ते विषाचे काम आहे आणि विषाच्या कामाची शिस्त त्याला हवी.

एका कारखान्यात बॉयलरच्या सफाईस उतरणाऱ्या कंत्राटी माणसांच्या प्रश्नावर आम्ही बोलणी करीत होतो. चांगले मास्क का दिले नाहीत, असे विचारले. उत्तर मिळाले की ही माणसे आमच्या पटावर नाहीत. आम्ही म्हटले, फुप्फुसाला पट कळत नाही! बैठकीत थोडी शांतता पसरली आणि मास्क पुढल्या महिन्यात आले. पण पट आजही तसाच आहे.

आपला कोळसा

आता घराकडे. ७ डिसेंबर २०१५ रोजी भारत सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी नवी मानके जाहीर केली. नत्राच्या ऑक्साइडांसाठी २००३ अखेरपर्यंतच्या जुन्या संचांना घनमीटरला ६०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ पर्यंतच्या संचांना ३०० आणि २०१७ पासूनच्या नव्या संचांना १०० अशी ती होती. पैकी मधली मर्यादा २०२० मध्ये ३०० वरून ४५० करण्यात आली. बहुतेक ठिकाणी भट्टीतली आग थंड व टप्प्याटप्प्याने जाळण्याच्या सुधारणांवर भर राहिला. उत्प्रेरकाच्या ठोकळ्यांचे प्रयोग एन.टी.पी.सी.ने काही केंद्रांत करून पाहिले.

त्यातला मुख्य मुद्दा राखेचा. युरोपातील व्यापारी कोळशात दहा-पंधरा टक्के राख असते. आपल्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशात ती तीस ते पंचेचाळीस टक्के. शिवाय ती वाळूसारखी कठीण आणि खरबरीत. चंद्रपूर, कोराडी किंवा परळीकडच्या लोकांना ह्या राखेची ओळख करून देण्याची गरज नाही. ती त्यांच्या अंगणात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज येते. असा धूर ठोकळ्याच्या सहा-सात मिलिमीटर भोकांतून जाताना भोके बुजतात आणि भिंती घासून पातळ होतात. येथे विषबाधेच्या आधी झीज मारते. म्हणून भोके मोठी ठेवावीत, धुराचा वेग कमी ठेवावा, की राख आधी काढून मग ठोकळे बसवावेत, हे आपल्या कोळशावर, आपल्या माणसांनी, दीर्घकाळ तपासूनच ठरवावे लागेल.

दुसरीही गोष्ट आहे. २०२१ च्या धोरणानुसार वीजकेंद्रांत कोळशाबरोबर शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या जाळावयाच्या आहेत, आणि ते योग्यच आहे. शेतात उघड्यावर जाळण्यापेक्षा शतपट बरे. परंतु काडीबरोबर पालाश येणार, हे डेन्मार्कने आधीच सांगून ठेवले आहे. आपल्या कोळशाची भरमसाट राख त्या पालाशाला बांधून ठेवण्यास कदाचित उपयोगी पडेल. परंतु कदाचित ह्या शब्दावर भट्टी चालवता येत नाही. मोजले पाहिजे आणि मोजलेले लोकांसमोर मांडले पाहिजे.

दोनशे वर्षांच्या ह्या हकीकतीतून आम्ही एक साधा बोध घेतला आहे. क्नीच यांना खनिजातला सोमल मोजावा लागला, जर्मनांना राखेचा फेरा मोजावा लागला, ओहायोत गंधक मोजला नाही म्हणून खेडे उठले. भट्टीत जे घालतो त्याचा कण न् कण कुठेतरी निघतो : धुरात, राखेत, ठोकळ्यावर नाही तर माणसाच्या छातीत. ह्या चार खात्यांपैकी पहिली तीन आज मोजली जातात, कारण त्यांत यंत्राचे पैसे अडकलेले आहेत. चौथे खाते उघडण्याचे काम शास्त्रज्ञांच्या एकट्याच्या हातचे नाही. ते कामगारांचे आहे, धुराड्याच्या छायेत राहणाऱ्या गावांचे आहे आणि दिव्याच्या उजेडात बसून हे ऐकणाऱ्या आपणां सर्वांचे आहे. आपल्या जिल्ह्यात असे धुराडे असेल तर त्यातून काय निघते याचे आकडे मागावेत, आणि आत उतरणाऱ्या माणसाच्या छातीची तपासणी कधी झाली तेही त्याच अर्जात विचारावे. अर्ज लिहिण्यास कोणाला मदत लागली, तर युनियनची कचेरी संध्याकाळी सहानंतर उघडी असते.